टिंबातलं जंगल

माझ्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये एक चित्र लावलेलं आहे. मूळ चित्र नव्हे, छापील प्रत. मधोमध मोठं काळं वर्तुळ, भोवती चौकट, खाली-वर त्रिकोण आणि पट्टे. रंग लाल, पिवळा, निळा, पांढरा. चार वर्षं मी रोज सकाळी त्याच्यासमोरून आत जातो आणि संध्याकाळी बाहेर पडतो. या चार वर्षांत मी त्याच्याकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं.

गेल्या दिवाळीआधी ऑफिसात घरच्यांना घेऊन येण्याचा दिवस होता. माझी आठ वर्षांची लेक त्या चित्रासमोर थांबली, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे तर मीपण काढीन. थाळी ठेवायची आणि गोल मारायचा." आजूबाजूचे हसले, मीही हसलो. मग तिने विचारलं, "पण हे आहे काय?" खालच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'बिंदू – एस. एच. रझा'. मी म्हटलं, "टिंब आहे." ती म्हणाली, "ते मला दिसतंय."

विषय तिथेच संपला असता. पण त्याच आठवड्यात तिला चित्रकलेच्या वहीत निसर्गचित्र काढायचं होतं. तिने पाच मिनिटांत काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, एक झोपडी, कडेला नारळाचं झाड. मीही लहानपणी हेच काढत असे, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी हेच काढलं असणार. आम्ही इंदूरचे. पणजोबा होळकरांच्या नोकरीत आले, तेव्हापासून चार पिढ्या इथेच. आमच्या घराच्या आसपास ना त्रिकोणी डोंगर आहेत, ना नारळ. मी विचारलं, "हे तू कुठे पाहिलंस?" ती म्हणाली, "पाहायचं कशाला? असंच काढतात."

हे 'असंच काढतात' माझ्या मनात रुतून बसलं. त्याला एक कारण होतं. तेव्हा घरात दुसरीच चर्चा चालू होती. कंपनीने मला तीन वर्षांसाठी नेदरलँड्सला जाणार का, असं विचारलं होतं. बायको तयार होती, मीही तयार होतो. आई म्हणाली, "जा रे, अडवत नाही. पण हिला इथलं काय आठवेल?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

अशा मनःस्थितीत मी रझांबद्दल वाचायला घेतलं. त्या पट्टीवरच्या नावाचा माणूस आपल्या मध्य प्रदेशातलाच, मंडल्याकडचा, आणि आयुष्याची 60 वर्षं फ्रान्समध्ये राहिलेला, हे कळल्यावर वाचन थांबेना. मी चित्रकलेतला जाणकार नाही, बी. ई. झालेला साधा सॉफ्टवेअरवाला आहे. पण जे वाचलं, पाहिलं आणि शेवटी मंडल्याला जाऊन अनुभवलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

जंगलाच्या कडेचं घर

सय्यद हैदर रझा यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या छोट्या गावातला. वडील जंगलखात्यात डेप्युटी रेंजर. त्यामुळे लहानपण गेलं ते साल-सागाच्या दाट जंगलाच्या कडेला, नर्मदेच्या मुलखात.

या लहानपणातल्या दोन गोष्टी आपल्याला कधीच सोडून गेल्या नाहीत, असं रझा पुढे अनेकदा सांगत. एक म्हणजे जंगलातली रात्र. ती भास व्हावेत इतकी गडद आणि भीतीदायक असे. तेवढ्यात गोंड लोकांचा नाच सुरू झाला, तर माणसं जवळ आहेत असं वाटून धीर यायचा. दुसरी गोष्ट म्हणजे उजाडणं. सकाळ झाली की भीती पळायची, आणि बाजाराच्या दिवशी लख्ख उन्हात सगळं गाव रंगांनी भरून जायचं. मग पुन्हा रात्र. काळोख आणि रंग, भीती आणि धीर. रझांची कोणतीही चार चित्रं शेजारी ठेवून बघा, हाच खेळ तिथे चालू असलेला दिसेल.

त्या टिंबाची गोष्टही इथलीच. ककैया गावच्या शाळेत हा मुलगा अभ्यासात लक्ष देत नसे, सारखा इकडेतिकडे बघायचा. नंदलाल झारिया नावाचे गुरुजी होते. त्यांनी एके दिवशी व्हरांड्याच्या भिंतीवर एक टिंब काढलं आणि सांगितलं, बाकी सगळं विसर आणि याच्याकडे बघत बस. शिक्षा म्हणा किंवा युक्ती म्हणा, मुलगा बसला आणि हळूहळू त्याचं मन थाऱ्यावर आलं. तेव्हा तो माझ्या लेकीएवढाच असेल.

हा प्रसंग रझांबद्दलच्या प्रत्येक लेखात असतो, आणि वाचताना वाटतं की तेव्हाच बिंदू सापडला आणि काम झालं. प्रत्यक्षात ते टिंब त्यांच्या चित्रात खऱ्या अर्थाने यायला पुढची 50 वर्षं लागली. मला जास्त उत्सुकता या 50 वर्षांची वाटली. गुरुजींनी दिलेलं टिंब हाताशी असताना माणसाने इतकी वर्षं काय केलं?

आधी बघणं, मग बांधणी

सुरुवातीला त्यांनी समोर दिसेल ते रंगवलं. 1939 ते 1943 नागपूरच्या कलाशाळेत आणि मग 1947 पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. 1947 साली फ्रान्सिस न्यूटन सूझा, के. एच. आरा, एम. एफ. हुसेन, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. यातले हुसेन आपल्या इंदुरात वाढलेले, हे तुम्हाला माहीत असेलच.

त्या काळातले रझा जलरंगात निसर्गदृश्यं आणि मुंबईचे रस्ते रंगवायचे. हात वेगवान होता, रंग ताजे होते. याच सुमारास घरावर मात्र आघात होत होते. 1947 मध्ये आई गेली, 1948 मध्ये मंडल्यात वडील गेले, आणि फाळणीनंतर बहुतेक भावंडं पाकिस्तानात निघून गेली. रझा इथेच राहिले. पुढे फ्रान्समध्ये इतकी वर्षं काढूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडलं नाही.

1948 मध्ये ते चित्रं काढायला काश्मीरला गेले. तिथे त्यांची गाठ पडली जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी. त्यांनी रझांची चित्रं पाहून सांगितलं, की तुमच्यात गुण आहेत, पण चित्रात बांधणी नाही. इमारतीला पाया, भिंती, छप्पर असतं, तसं चित्रही उभं करावं लागतं. त्यासाठी सेझाँ या चित्रकाराचा अभ्यास करा.

हा सल्ला मला फार जवळचा वाटला. आमच्या धंद्यात नवीन मुलगा भराभर कोड लिहितो आणि तो चालतोही. मग कुणीतरी ज्येष्ठ विचारतो, "याची रचना काय?" तिथे खरं शिक्षण सुरू होतं. रझांनी तो सल्ला इतका मनावर घेतला, की मुंबईत फ्रेंच शिकले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि 1950 मध्ये पॅरिसला जाऊन तिथल्या कलाशाळेत दाखल झाले.

डोंगर कुठे गेला?

आता चित्रं कशी बदलत गेली ते पाहू. लेकीच्या 'हे आहे काय?' या प्रश्नाचं उत्तर मला या क्रमात सापडलं.

1951 मधलं 'ओ द कान्य' हे चित्र घ्या. कान्य हे दक्षिण फ्रान्समधलं डोंगरावरचं गाव. चित्रात घरं आहेत, टेकडी आहे, वर सूर्य आहे. पण घरं ठोकळ्यांसारखी एकावर एक रचलेली आणि माणूस एकही नाही. दृश्य ओळखू येतं, तरी ते खिडकीतून पाहिलेलं वाटत नाही, मनात रचलेलं वाटतं. सेझाँचा धडा गिरवलेला दिसतो.

पुढे ते तैलरंगाकडे वळले. रंगाचे जाड थर आले. घरं, चर्च, झाडं अजून होती, पण त्यांच्या कडा रंगात विरघळायला लागल्या. 1956 मध्ये त्यांना पॅरिसचा 'प्री द ला क्रितिक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगरफ्रेंच चित्रकार. 1959 मध्ये त्यांनी चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी लग्न केलं. दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बियो या डोंगरी गावात त्यांनी घर केलं, आणि तिथलं ऊन, तिथली झाडं त्यांच्या कामात मिसळत राहिली.

1962 मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला शिकवायला गेले. तिथे मार्क रॉथ्को वगैरे अमेरिकन चित्रकारांचं काम जवळून पाहिलं. नुसत्या रंगाच्या पट्ट्यांतून माणसाला हलवता येतं, हे तिथे त्यांना दिसलं. त्यानंतर ते ॲक्रिलिक रंगांकडे वळले. तैलरंग वाळायला दिवसचे दिवस लागतात, ॲक्रिलिक लगेच वाळतं. त्यामुळे हात मोकळा सुटतो, थरावर थर चढवता येतात.

1973 सालचं 'ला तेर', म्हणजे 'पृथ्वी', हे त्या टप्प्यावरचं चित्र. यात घर नाही, झाड नाही, क्षितिजही नाही. काळोख आहे आणि त्यातून फुटणारे तांबडे, पिवळे, हिरवट रंग आहेत. बाबरियाची रात्र आठवून हे चित्र बघितलं, की अंगावर काटा येतो. झाडं चित्रातून गेली, पण झाडांमधला काळोख मागे राहिला. मुलाला जंगलात नेमकं काय वाटलं होतं, तेवढंच चित्रकाराने ठेवलं आणि बाकीचं काढून टाकलं.

नाव झालं, तरी मन रमेना

एव्हाना रझा युरोपात नावाजलेले होते. चित्रं विकली जात होती. तरी 1970 च्या दशकात ते स्वतःच्या कामावर नाराज झाले. फ्रान्सने आपल्याला चित्र कसं उभं करायचं हे शिकवलं, पण त्यात आपलं असं काय आहे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. पन्नाशीत, सगळं सुरळीत चालू असताना असा प्रश्न स्वतःला विचारणं सोपं नाही.

ते भारतात पुन्हा पुन्हा येऊ लागले. अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात पाहिलं. या फिरण्यातून 1980 च्या सुमारास ते व्हरांड्यातलं टिंब परत आलं. आता मात्र ते नुसतं टिंब उरलं नव्हतं. काळा बिंदू म्हणजे बीज. त्यात सगळं सामावलेलं, अजून काही उगवायचं असलेलं. रझांच्या दृष्टीने काळा हा इतर रंगांची आई होता. भोवती पंचमहाभूतांचे पाच रंग, म्हणजे काळा, पांढरा, लाल, निळा आणि पिवळा. वर टोक असलेला आणि खाली टोक असलेला त्रिकोण म्हणजे पुरुष आणि प्रकृती. चित्रांची नावं बीज, अंकुरण, सूर्य, प्रकृती, पंचतत्त्व अशी, आणि कित्येकदा कॅनव्हासवरच देवनागरीत लिहिलेली. 1981 च्या 'माँ' या चित्रात मोठ्या काळ्या बिंदूबरोबर एका हिंदी कवितेची ओळ आहे. हे सगळं रंगवलं गेलं फ्रान्समध्ये, जिथे ती अक्षरं वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील.

कामाची पद्धतही आता शांत झाली होती. सकाळी आधी प्रार्थना, मग रंगांना हात. मांडणी आधी रेषांनी ठरायची, बिंदूची जागा नक्की व्हायची, आणि मग रंगाचे थर चढायचे. उत्साहाच्या भरात ब्रश मारणारा काश्मीरमधला तरुण आता भिंतीवरच्या टिंबाकडे बघत बसलेल्या मुलासारखा झाला होता.

2010 मध्ये त्यांचं 1983 सालचं 'सौराष्ट्र' हे चित्र लंडनच्या लिलावात 16 कोटी रुपयांहून जास्त किमतीला गेलं, आणि घरोघरी 'टिंबाचे एवढे पैसे?' अशी चर्चा झाली. ('सौराष्ट्र' मोठं, तापलेल्या रंगांचं, अनेक चौकटींचं चित्र आहे. पण आपल्याकडे रझा म्हटलं की टिंब, एवढंच पक्कं झालेलं.)

एक कबुली द्यायला हवी. त्यांची शेवटच्या वर्षांतली सगळीच चित्रं मला आवडतात असं नाही. काही एकसारखी वाटतात. जप करणाऱ्याला तेच नाव रोज नवं वाटतं, बाहेरच्याला नाही, तसं काहीतरी असावं. पण त्यामुळे त्या 50 वर्षांची किंमत कमी होत नाही.

दोन सोपी चित्रं

आता लेकीच्या दोन्ही गोष्टींकडे येतो. तिचे त्रिकोणी डोंगर आणि रझांचं काळं वर्तुळ. दोन्ही सोपी, दोन्ही भूमितीच्या आकारांची. मग फरक काय?

आमच्या कामात ॲबस्ट्रॅक्शन हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. खालचा पसारा झाकायचा आणि वर फक्त गरजेपुरतं ठेवायचं. तुम्ही मोबाईलवर पैसे पाठवायचं बटण दाबता, त्यामागे किती यंत्रणा हलतात हे तुम्हाला दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही. पण हे बटण बनवणाऱ्याला खालचं सगळं माहीत असावं लागतं. खालचं न बघता जो वरचा थर लिहितो, त्याचं काम पहिल्या अडचणीला कोसळतं.

अमूर्त चित्राचंही तसंच असावं. लेकीचे डोंगरही खरं तर अमूर्तच आहेत. कुणीतरी कधीतरी डोंगर पाहिला, त्याचा त्रिकोण केला, आणि तो त्रिकोण आपण पिढ्यानपिढ्या न बघता उतरवत आलो. रझांनी आधी जंगल अंगावर घेतलं, मग दिसेल ते रंगवलं, मग बांधायला शिकले, मग एकेक गोष्ट काढून टाकत त्या टिंबापर्यंत आले. निसर्गापासून दूर गेलेलं चित्र म्हणजे अमूर्त, असं मी समजत होतो. रझांच्या बाबतीत तरी ते उलट आहे. सगळं विसरून झाल्यावर निसर्गातलं जे उरलं, ते हे चित्र.

सगळ्यांचा रस्ता हाच असतो असं मात्र नाही. मूळ गोव्याच्या कुटुंबातले आणि 1924 मध्ये नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे हे आपले दुसरे मोठे अमूर्त चित्रकार. त्यांना 'अमूर्त' हा शब्दसुद्धा मान्य नव्हता. आपल्या चित्रात कोणतीच वस्तू नाही, मग कशापासून अमूर्त, असं त्यांचं म्हणणं. रोलरने आणि पॅलेट नाईफने रंगाचे थर द्यायचे आणि काढायचे, वर्षाला मोजकीच चित्रं करायची आणि बाकीचा वेळ शांत बसायचं, ही त्यांची रीत. रझांच्या चित्रात मंडला शोधता येतो, गायतोंड्यांच्या चित्रात गाव शोधायला जाऊ नये. पण घाई न करता बघत राहणं दोघांकडेही आहे.

मुंबईच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात या दोघांचंही काम आहे. कधी गेलात तर मुलांना 'हे काय आहे?' विचारू नका. 'याच्यासमोर पाच मिनिटं थांबू, मग काय वाटलं ते सांग' एवढंच म्हणा.

मंडला

फेब्रुवारीत आम्ही तिघं मंडल्याला गेलो. इंदूरहून रात्रीच्या गाडीने जबलपूर, तिथून शंभरेक किलोमीटर रस्ता. शहराला नर्मदेने तिन्ही बाजूंनी वेढलंय. लेकीला मी सांगितलं, की आपल्या नळाला येतं ते याच नदीचं पाणी, खाली जलूदहून पंपाने इंदूरला चढवलेलं. तिने वाकून हात बुडवला आणि म्हणाली, "आपल्याकडे येईपर्यंत म्हातारी होत असेल." मंडल्याजवळ सहस्रधारा आहे, काळ्या खडकांतून नदीच्या असंख्य धारा होतात. आपल्या महेश्वरजवळही एक सहस्रधारा आहे. नाव एकच, नदी एकच, मधे शेकडो किलोमीटर.

रझांची कबर इथेच आहे. 2002 मध्ये जानीन गेल्या. 2010 च्या अखेरीस वयाच्या 88 व्या वर्षी रझा कायमचे भारतात परतले. 23 जुलै 2016 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या शेजारी त्यांना दफन केलं. आता दरवर्षी त्यांच्या आठवणीत इथे कार्यक्रम होतो, गावातली माणसं आणि मुलं जमून रंगवतात. आम्ही गेलो तेव्हा कबरीपाशी कुणी नव्हतं. ऊन होतं आणि वाळलेली पानं होती.

मला मात्र रात्र बघायची होती. कान्ह्याच्या रस्त्यावरच्या एका गावात मुक्काम केला. जेवणानंतर खोलीतला दिवा बंद करून आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. मोबाईल आत ठेवले. पहिली काही मिनिटं लेकीची चुळबूळ चालली. मग ती गप्प झाली. काळोख इतका, की स्वतःचा हात दिसेना. रातकिडे, मधेच कुठलातरी पक्षी, आणि झाडांत काहीतरी हलल्याचा आवाज. ती माझ्या कुशीत सरकली आणि हळूच म्हणाली, "बाबा, इथे काळ्यातपण खूप काय काय आहे." मी काही बोललो नाही. माझीही छाती धडधडत होती. चाळीशीला आलेला मी, मला असा काळोख शेवटचा कधी भेटला होता ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. मिरच्यांचे ढीग, बांगड्या, हळद, निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या, लुगड्यांचे लाल आणि पिवळे रंग. कालच्या रात्रीनंतर ते सगळं इतकं झगझगीत वाटलं, की मी बायकोला म्हटलं, "बघ, रझा खोटं नव्हते सांगत."

तर आम्ही निघतोय

जायचं ठरलं आहे. जूनमध्ये. आईच्या प्रश्नाचं पक्कं उत्तर माझ्याकडे आजही नाही. साताऱ्याकडचं आमचं मूळ गाव मी स्वतः दोनदाच पाहिलंय, आणि तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते इंदूरच्या जुन्या घराचं अंगण आणि आजोबांबरोबर महेश्वरच्या घाटावर बसलेली एक संध्याकाळ. मराठी आम्ही घरात बोलतच राहू, त्याची मला फारशी काळजी नाही. पण आठवायला आधी पाहिलेलं असावं लागतं. ते आपणच दाखवायचं असतं, आणि दाखवायचं म्हणजे शेजारी बसून आपणही बघायचं. रझांच्या गुरुजींनी एवढंच केलं होतं. त्या मुलाचं पुढे काय होणार, हे त्यांना कुठे माहीत होतं?

म्हणून निघेपर्यंतचे रविवार आम्ही वाटून घेतले आहेत. एक महेश्वरचा, एक मांडूचा, एक नुसता आजीच्या गच्चीवरचा. नियम एकच. फोटो शेवटी काढायचे, आधी बघायचं.

मंडल्याहून आल्यावर लेकीने वहीत पुन्हा एक निसर्गचित्र काढलं. सगळं पान काळ्या खडूने भरलं, एक खडू त्यात संपला. कोपऱ्यात नखाएवढी पिवळी जागा सोडली होती. आईने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे काय गं?"

"आम्ही बसलो होतो ना, तिथली रात्र," ती म्हणाली. "आणि हा लांबच्या घरातला दिवा. तो बाबांना दिसलाच नव्हता."

खरंच दिसला नव्हता. आईने ते पान वहीतून नीट कापून घेतलं आणि देवघराशेजारच्या भिंतीला लावलं. आम्ही गेल्यावर ते तिथेच राहणार आहे.